पाच ओळींतले बाबा

सरांनी शेवटचं काम दिलंय. "वर्षभरात या लेखनाच्या वर्गात तुम्ही काय शिकलात, ते दोन पानांत लिहा. प्रामाणिकपणे लिहा." प्रामाणिकपणे म्हणे. सर माझ्या थोरल्यापेक्षा जेमतेम चार वर्षांनी मोठे, सायकलवरून येतात, पँटची एक बाजू मोज्यात खोचलेली तशीच राहते आणि बोलतात मात्र मोजूनमापून. मी तीनदा लिहायला बसले आणि तिन्ही वेळा कागद चुरगळला. कारण मी काय शिकले हे सांगायचं तर नळवाल्या बाबांबद्दल सांगावं लागतं, आणि बाबांबद्दल खरं सांगायचं तर माझीच शोभा होते. होऊ दे. आणि दोन पानांत मावणार नाही, तेही आधीच सांगून ठेवते.

मी वृद्धाश्रमात काम करते. दुसरा मजला माझ्याकडे. चौदा खोल्या, चौदा माणसं, टोकाला एक मोठी न्हाणी आणि लिफ्टसमोर एक बाक. अंघोळी घालायच्या, भरवायचं, गोळी पोटात गेली की गालात राहिली ते बघायचं, आणि दिवसातून शंभर वेळा "आत्ता आले हं" म्हणायचं. एकवीस वर्षं झाली. मला सगळे मावशी म्हणतात, नव्वदीतल्या आजोबांपासून मॅनेजरबाईंपर्यंत. कॉलेजच्या वर्गात पहिल्या दिवशी नाव विचारलं तेव्हा मीच म्हटलं, मावशी म्हणा, या वयात आणखी कुठल्या हाकेला ओ द्यायची सवय लावून घेऊ?

आमच्याकडे पद्धत अशी, की दुपारचा चहा झाला की प्रत्येक माणसाची पाच ओळींची नोंद लिहायची. ती ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर टाइप केली की पाच वाजता त्यांच्या घरच्यांना जाते. मुलगा, सून, पुतण्या, जे कुणी असेल त्याला. पूर्वी मी लिहायची: जेवण ठीक. औषध दिले. शौच झाले. झोप ठीक. तक्रार नाही. चौदाही जणांचं तेच. मग नव्या मॅनेजरबाई आल्या. त्या म्हणाल्या, "मावशी, आईला शौच झालं हे वाचून मुलगा काय करणार?"

"निर्धास्त होणार," मी म्हटलं.

त्यांना ते पटलं नाही. जरा जिवंत लिहा, म्हणाल्या. वर हेही सांगितलं, की मजल्याची प्रमुख व्हायचं असेल तर कॉलेजातला संध्याकाळचा लेखनाचा वर्ग पुरा केल्याचं प्रमाणपत्र लागेल. प्रमुख व्हायची मला हौस होती, उगाच नाही कशाला म्हणू. म्हणून सत्तेचाळिसाव्या वर्षी वही घेऊन मी कॉलेजात गेले. वर्गात सगळी विशीची पोरं. माझ्याखेरीज वयाचा माणूस एकच, एक बस ड्रायव्हर. तो मागच्या बाकावर बसायचा आणि दर दहा मिनिटांनी घड्याळ बघायचा.

पहिलं काम होतं, ओळखीच्या माणसाचं एका पानात वर्णन. मी बाबांवर लिहिलं. 'ते अत्यंत प्रेमळ, कष्टाळू आणि शांत स्वभावाचे आहेत.' सरांनी बाजूला लाल पेनाने लिहिलं, 'हे कुणाबद्दलही खरं असू शकतं. हा माणूस करतो काय?' माझ्या नाकाला अशा मिरच्या झोंबल्या की बस. मी एकवीस वर्षं माणसांची ढुंगणं धुतली आहेत, मला हा सांगणार माणूस कसा असतो? पण दुसऱ्या दिवशी बाबांना अंघोळ घालताना मी पहिल्यांदा नीट बघितलं. ते एक सरांचं मानायला हवं. बघायला त्यांनी शिकवलं.

तर बाबा. खोली नंबर नऊ, वय एक्याऐंशी. पन्नास वर्षं नळ दुरुस्तीचं काम केलेला माणूस. बोटं अशी जाड की शर्टाचं बटण लावताना त्यांना आणि मला, दोघांनाही घाम फुटायचा. आश्रमात आले त्या दिवशी पिशवी खाली ठेवायच्या आधी भिंतीला कान लावला आणि म्हणाले, "आत गळतंय." मी म्हटलं, "अहो बाबा, भिंत कोरडी ठणठणीत आहे." त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, की हिला बिचारीला काय कळतंय. आठ दिवसांनी खालच्या मजल्यावर स्वयंपाकघराच्या छताचा पोपडा पडला. तेव्हापासून बाबांचा भाव वधारला. न्हाणीतल्या प्रत्येक नळाला ते रोज सकाळी हात लावून यायचे. "कुणा गाढवाने बसवलंय हे," असं पुटपुटायचे, आणि मग मला, "पोरी, तुला नाही म्हटलं हं."

अंघोळीच्या वेळी पाठीवर कोमट पाणी पडलं की त्यांची जीभ सुटायची. बायको गेली तेव्हा लेक पाच वर्षांची होती. नातेवाइकांनी दुसरं लग्न कर म्हणून डोकं खाल्लं, यांनी ऐकलं नाही. रविवारी शाळा नसायची आणि घरी सांभाळायला कुणी नसायचं, म्हणून लेक बापाबरोबर कामावर. लोकांच्या न्हाण्यांत, गच्चीवरच्या टाक्यांपाशी, जिन्याखाली, बाप पालथा पडून काम करतोय आणि ही फ्रॉक सावरत एकेक पाना हातात देतेय. नऊ वर्षांची झाली तेव्हा पाईपाला आटे पाडायला शिकली. "माझ्यापेक्षा सफाईने पाडायची," बाबा सांगायचे, "गिऱ्हाइकं तिलाच विचारायची, वायसर कितीचा लावू." हे सांगताना त्यांचा चेहरा बघण्यासारखा व्हायचा. आता ती लेक सहा तासांच्या अंतरावर दुसऱ्या शहरात असते. तिथे प्रयोगशाळेत पाण्याचे नमुने तपासते. दोन मुलं, नवऱ्याला पाळ्यांची नोकरी, तिची तिला सवड नाही. तरी महिन्याचा पहिला रविवार तिने तीन वर्षं कधी चुकवला नव्हता.

त्या रविवारची तयारी शनिवारपासून. दाढी, नखं, धुतलेला शर्ट. सकाळी सातला बाबा बूट घालून लिफ्टसमोरच्या बाकावर, आणि ती यायची अकराला. फोनवर त्यांचं जमत नव्हतं. तीन खोल्यांपलीकडची नळाची टिपटिप ऐकणारा माणूस, पण त्या डबीतून येणारा आवाज आपल्या लेकीचा आहे, हे त्यांना काही केल्या पटायचं नाही. "कोण बाई आहे बघ गं," म्हणून फोन माझ्या हातात द्यायचे. म्हणजे भेट ती रविवारचीच.

सरांची लाल शाई खाल्ल्यावर मी नोंदी बदलल्या. एक दिवस बाबांची लिहिली: 'आज बाबांनी न्हाणीतला कोपऱ्यातला नळ नुसता कान लावून तपासला. वायसर चार दिवसांत जाणार, असं निदान केलं. आम्ही नवीन मागवला आहे. बसवण्याचं काम आपलंच, असं त्यांनी बजावलं आहे. जेवणात भाताची तक्रार केली, पण ताट स्वच्छ केलं.' संध्याकाळी लेकीचं उत्तर आलं. 'मावशी, खूप हसले. मुलांना वाचून दाखवलं. बाबांना भेटून आल्यासारखं वाटलं.'

माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. एकवीस वर्षांत कुणी माझ्या कामाला उत्तर पाठवलं नव्हतं. मी ते स्वयंपाकीणबाईंना दाखवलं, वॉचमनला दाखवलं, घरी नवऱ्याला दाखवलं. नवरा म्हणाला, "मलाही रोज पाच ओळी लिहीत जा, तुझी माझी भेट तरी कुठे होते." मी म्हटलं, तुमच्याबद्दल पाच ओळी होतील एवढं तुम्ही करता काय. तेव्हा हसण्यावारी गेलं.

पुढे सरांनी एकेक शिकवलं आणि मी ते वहीत उतरवून घेतलं. वाचकाला काय वाटावं ते सांगू नका, दाखवा. दहा गोष्टींतली एक निवडा, ती नेमकी निवडा, बाकीच्या खोडा. लेखकाचं खरं काम खोडण्याचं असतं. मी खोडण्यात पटाईत झाले. दिवसभर काम करता करता डोळे शोधत राहायचे, आज पाच ओळींत काय बसेल. कुणी काही गमतीचं बोललं की मनात लगेच वाक्य तयार. सगळ्या चौदा घरांतून उत्तरं यायला लागली. मॅनेजरबाईंनी माझ्या नोंदी बाकीच्या मजल्यांवर नमुना म्हणून लावल्या.

ऑक्टोबरचा पहिला रविवार लेकीने चुकवला. धाकट्याला ताप होता, तिचाही इलाज नव्हता. तिने कळवलं, 'तुमच्या नोंदी आहेत म्हणून धीर आहे.' बाबा बाकावर दोन वाजेपर्यंत बसले. मी सांगितलं, बाबा, नातवाला ताप आहे, पुढच्या महिन्यात येईल. त्यांनी मान हलवली. पुन्हा चारला येऊन बसले. मी त्या दिवशी त्यांनी शेजारच्या आजोबांना गरम पाण्याच्या नळाबद्दल कसं झापलं, ते लिहिलं.

नोव्हेंबरचा रविवारही हुकला, आणि त्याच महिन्यात डॉक्टर आले. त्यांनी बाबांना वस्तू दाखवल्या, तारीख विचारली, लेकीचं नाव विचारलं. नाव आलं, पण शोधून आलं. बाहेर येऊन डॉक्टर मला म्हणाले, "मावशी, आधी नावं जातील, मग चेहरे. पाच-सहा महिने समजा. ज्यांना भेटायचंय त्यांना म्हणावं आत्ता भेटून घ्या." त्यांनी त्याच दुपारी लेकीला ईमेलने रीतसर पत्रही पाठवलं. मला वाटलं, आता ही धावत येणार.

त्याच सकाळी आणखी एक झालं होतं. न्हाणीत बाबा नळासमोर उभे होते, हात पुढे केलेला, आणि नळ कुठल्या बाजूला फिरवायचा ते त्यांना आठवत नव्हतं. पन्नास वर्षं हेच केलेला माणूस. एकदा इकडे, एकदा तिकडे, मग हात मागे घेतला आणि माझ्याकडे पाहिलं. मी नळ सोडला. ते रडले. आवाज न करता रडले, आणि वरून पाणी पडत असल्यामुळे मला कळलं नाही असं आम्ही दोघांनी ठरवलं. दुपारी लिफ्ट दुरुस्त करायला माणूस आला, त्याला बाबांनी अर्धा तास उभं करून त्याच्या पान्याला गंज का चढला यावर व्याख्यान दिलं. पाच वाजताच्या नोंदीत मी काय लिहिलं असेल? लिफ्टवाला लिहिला. नळाचं एक वाक्य टाइप केलं होतं. ते खोडलं. नोंद त्याने जड होत होती.

दुसऱ्या दिवशी लेकीचं उत्तर: 'डॉक्टरांचं पत्र आलं तेव्हा घाबरले होते. मग तुमची कालची नोंद वाचली आणि जीव भांड्यात पडला. लिफ्टवाल्याची दया आली. जानेवारीत निवांत येते.'

त्या वेळी मला काय वाटलं ते सांगते, प्रामाणिकपणे म्हणालात ना. मला बरं वाटलं. एवढे शिकलेले डॉक्टर, त्यांच्या पत्रापेक्षा माझ्या पाच ओळी भारी ठरल्या, असं वाटलं. ते पत्र मी पाहिलं होतं. 'स्मरणशक्तीत अपेक्षित घट' वगैरे. कोरडं ठक्क. आमच्या सरांनी लालेलाल केलं असतं.

जानेवारीत ती आली नाही, थोरलीच्या परीक्षा. फेब्रुवारीत प्रयोगशाळेत तपासणी. खोटं ती बोलत नव्हती. आपल्या माणसाचं छान चाललंय म्हटलं की दुसरी कामं आधी उरकावीशी वाटतात, मीही तेच केलं असतं. तोपर्यंत बाबांचा मात्र रोजचा दिवस पहिला रविवार झाला होता. सकाळी उठले की बूट. पाय सुजलेले, बूट आत जायचे नाहीत, तरी कोंबायचे. काढू द्यायचे नाहीत, "ती येईल आणि मी अनवाणी?" म्हणायचे. उजव्या टाचेला जखम झाली. नर्सच्या वहीत मी लिहिलं, टाचेला जखम, मलमपट्टी केली. आणि घरच्या नोंदीत लिहिलं: 'बाबा सकाळपासून बूट चढवून रुबाबात लिफ्टसमोर बसले आहेत. येणाऱ्याजाणाऱ्याची तपासणी चालू आहे. मॅनेजरबाईंनाही सोडलं नाही, इतका वेळ कुठे होतात, असं विचारलं.' यातला एक शब्द खोटा नव्हता. हेच मला आज खातं.

सरांनी ती नोंद वर्गात मोठ्याने वाचली. वाचून थांबले आणि म्हणाले, "बघा. बूट. एका वस्तूत अख्खा माणूस आला." पोरांनी टाळ्या वाजवल्या. मी खाली बघून पदर सारखा करत होते, पण आतून फुलले होते.

मागून बस ड्रायव्हर म्हणाला, "मावशी, पण ते बूट घालून बसतात कशाला?"

"लेक येणार म्हणून," मी म्हटलं.

"आज येणार होती?"

"नाही."

"मग कधी?"

मी वहीची पानं उलटली. तो म्हणाला, "आणि ही चिठ्ठी तुम्ही त्या लेकीलाच पाठवली?" वर्गात कुणाला काही उमगलं नाही. सर म्हणाले की तो प्रश्न लेखनाच्या बाहेरचा आहे, आपण पुढे जाऊ. ड्रायव्हरने खांदे उडवले आणि घड्याळ बघितलं. मला त्याचा असा राग आला, की बसायला जागा दिली असती तरी त्याच्या बसमध्ये चढले नसते. घरी जाताना वाटभर त्याला मनातल्या मनात शिव्या घातल्या. भाजी चिरताना घातल्या. आणि भाजी फोडणीला टाकताना कळलं की शिव्या मी त्याला घालत नाहीये.

दुसऱ्या दिवशी मी लिहिलं: 'बाबा रोज बूट घालून बसतात, कारण रोज तुम्ही येणार असं त्यांना वाटतं. टाचेला जखम झाली आहे. नळ कसा सोडायचा ते त्यांना आता आठवत नाही. तुमचं नाव कधी येतं, कधी येत नाही. लवकर या.' पाच ओळी. पाच वाजायच्या आत मॅनेजरबाईंनी ती वाचली आणि मला आत बोलावलं. वाईट बाई नाही ती. म्हणाली, "मावशी, घरच्यांना अपराधी वाटेल असं आपण लिहीत नाही. आणि त्या उलट विचारतील, काल रुबाबात होते, आज हे कुठून आलं? काय सांगणार आहात?"

त्यांनी नोंद बदलली: 'बाबा तुमची खूप आठवण काढतात. टाचेला किरकोळ जखम, उपचार चालू.' ती नोंद गेली. लेकीचं उत्तर आलं, 'मलाही त्यांची फार आठवण येते.' मी आणखी तीन आठवडे गप्प बसले. प्रमुखाची जागा मार्चअखेर भरणार होती. हे कुणाला सांगितलं नव्हतं, इथे सांगितलं.

मार्चच्या मधल्या शुक्रवारी मी बाबांच्या खोलीत चादर बदलत होते. टेबलावर लेकीचा फोटो असतो, पदवी घेतलेला. बाबांनी तो उचलला, लांब धरला, जवळ धरला आणि विचारलं, "ही कोण गं?"

"तुम्हीच सांगा बघू," मी म्हटलं. आवाज सरळ ठेवला.

"गोड आहे," ते म्हणाले. "कुणाची आहे?"

चादर तशीच टाकून मी जिन्यात गेले आणि लेकीला फोन लावला. घरच्यांना परस्पर फोन करायचा नाही, असा आमच्याकडे सक्त नियम आहे. गेला खड्ड्यात. मी तिला सगळं सांगितलं, नळापासून फोटोपर्यंत. ती म्हणाली, "मावशी, पण तुम्ही तर रोज लिहीत होतात."

"हो."

"मी रोज वाचत होते. एक दिवस चुकवला नाही. मला वाटायचं, मी तिथेच आहे." मग हळूच विचारलं, "डॉक्टरांचं पत्र खरं होतं?"

"खरं होतं."

"आणि तुमचं?"

"माझंही खरंच होतं," मी म्हटलं, आणि ते म्हणताना मला माझीच शिसारी आली. "मी चांगलं चांगलं तेवढं निवडलं. चुकलं माझं. तुम्ही आता या."

ती शनिवारी सकाळची पहिली गाडी धरून आली. बाबा बाकावर होते, बूट घालून. लिफ्टचं दार उघडलं, ती बाहेर आली. बाबांनी मान वर केली, तिच्याकडे पाहिलं आणि तिच्या खांद्यावरून मागे पाहायला लागले, आणखी कुणी येतंय का म्हणून. मी तिथेच उभी होते, मला ते दिसलं. तिलाही दिसलं.

ती त्यांच्या शेजारी बसली. "बाबा, मी आले."

"या ना, बसा," बाबा म्हणाले. गिऱ्हाइकाशी बोलायचे त्या आवाजात. तिने त्यांचा हात हातात घेतला, त्यांनी घेऊ दिला. मुलांची नावं सांगितली, आईचं सांगितलं, कुठल्या कुठल्या घरी काम केलं ते सांगितलं. ते "हो का, हो का" करत राहिले, भल्या माणसासारखे. मी पाण्याचा पेला धरून खांबासारखी उभी.

मग तिने पिशवीतून एक जाडजूड वही काढली. मी ओळखलंच नाही आधी. माझ्या नोंदी होत्या त्या. सगळ्या छापून, तारखेने लावून, बांधून घेतलेल्या. मुलांना झोपताना वाचून दाखवते, असं तिने मला सांगितलं, माझ्याकडे न बघता. आणि ती बाबांना वाचून दाखवायला लागली. तिला वाटलं असावं, यातून काही जागं होईल. चांगली वाचत होती. बाबा पुढे सरकून बसले. जिथे हसायचं तिथे नेमके हसले. मांडीवर थाप मारून एकदा म्हणाले, "पक्का कारागीर दिसतोय गडी." भाताच्या तक्रारीला म्हणाले, "बरोबर आहे त्याचं." पंधरा-वीस पानं तरी तिने वाचली. आवाज घोगरा झाला तेव्हा थांबली.

बाबा वहीवर ते जाड बोट ठेवून म्हणाले, "मजेत आहे हा म्हातारा. माणसं चांगली भेटली त्याला."

"हो," ती म्हणाली.

"एक काम कराल, बाई?" तिच्याकडे झुकून, मला ऐकू जाऊ नये अशा बेताने त्यांनी विचारलं. "मला एक मुलगी आहे. तिला सांगा, हा माणूस जिथे राहतो ना, तिथे माझ्यासाठी जागा मिळते का बघ म्हणावं. इथे माझ्याकडे कुणी येत नाही."

तिने वही मिटली. "सांगते," ती म्हणाली.